मातीच्या मुठी

सावरघळ गावच्या टेकाडावर पाणजाई देवीचं तळं आहे. काठच्या कातळावर मातीचे ओबडधोबड गोळे ओळीनं मांडलेले दिसतात. पाहुण्यांना आधी वाटतं, पोरांनी खेळून टाकले असतील. मग कुणीतरी एक गोळा उचलतं, त्यावर पाच बोटं उमटलेली पाहतं आणि हळूच परत ठेवतं. गावचे धाकूबुवा तेवढ्याचीच वाट पाहत असतात. गुडघ्यावर हात टेकून ते खाली बसतात आणि सुभाना लोहाराची हकिकत सांगायला घेतात.

हा सुभाना म्हणे फार जुना. किती जुना, ते बुवांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. त्याच्या कोयतीचं पातं असं, की फांदी कापली गेल्याचं झाडाला मागाहून कळायचं. पण त्याचा खरा जीव मुठीवर. शिसवाची मूठ तो स्वतःच्या पंजावर मापायचा, तेल पाजून चकचकीत करायचा, आणि आपल्या हातात चपखल बसली की स्वतःवरच खूश व्हायचा. घाटात जेवढ्या कोयत्या, तेवढ्यांना याच एका माणसाचं माप. कुणी कुरकुर केली तर त्याचं उत्तर ठरलेलं: "सवय व्हईल."

त्याची बायको येसू हिनेही सवय करून घेतली होती. करवीची झुडपं कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापताना ती गायची, आणि धुक्यात माणूस दिसला नाही तरी गाण्यावरून येसू कुठल्या उतारावर आहे ते गावाला कळायचं. एका माघात कोयती तिच्या मुठीत फिरली आणि तिच्याच डाव्या हातावर उतरली. जखम भरली. पण त्या दिवसापासून उजव्या हातात कोयती घेतली, की बोटं आपोआप उघडायला लागली. भाकरी थापता यायची, पाणी शेंदता यायचं. कोयती तेवढी धरवेना. येसूचं गाणं थांबलं. गाण्याविना ते घर इतकं मुकं होईल, असं सुभानाला कधी वाटलं नव्हतं. तो घाबरला.

त्यानं तिच्यासाठी चार नव्या मुठी केल्या. एकीपेक्षा एक गुळगुळीत, एकीपेक्षा एक देखणी. चारही तिच्या हातून गळून पडल्या. तेव्हा तो पाचवी मूठ बसवलेली कोयती घेऊन पाणजाईकडे आला आणि नवस बोलला: "आये, तिचा हात मिटू दे. माझा हातोडा तुझ्या पायाशी ठेवीन."

सकाळची वेळ होती, म्हणतात. तळ्यावर धुकं इतकं दाट, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते समजेना. त्या धुक्यात एक बाई हात धूत बसलेली. तिनं हात पुढं करून कोयती मागून घेतली, मुठीत धरली आणि परत दिली.

"हा तर तुझा हात," ती म्हणाली. "तुझा हात धरून मी झाड कसं तोडू?"

मग तिनं काठची ओली माती उचलली, मुठीत दाबली आणि तो गोळा सुभानाच्या तळव्यावर ठेवला. माती कोमट होती. धुकं हललं, तेव्हा काठावर कुणी नव्हतं.

सुभाना गोळा बघत राहिला. बोटं बारीक, करंगळी आत वळलेली, अंगठ्याच्या बुडाशी घट्ट्याचा खळगा. हा हात आपण कुठं पाहिला, ते त्याला आठवेना. घरी येऊन त्यानं तो येसूच्या हातात दिला, तर तिची बोटं एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसली. वीस वर्षं ज्या हातचं खाल्लं तो हात आपल्याला ओळखता आला नाही, याची त्याला इतकी लाज वाटली, की तो तिथंच उंबऱ्यावर बसून रडला.

मग तो तासायला बसला. येसू मूठ धरून बघायची आणि सांगायची, "हितं रुततंय." तो तेवढंच तासायचा. "आता हितं." वळलेल्या करंगळीसाठी त्यानं एक खळगी घेतली, हातातून सुटू नये म्हणून शेवटाला बाक दिला, आणि चकाकी पार खरवडून टाकली. मूठ अगदीच बेढब झाली. दिवस कलला तेव्हा येसूची बोटं तिच्यावर मिटली आणि मिटलेलीच राहिली.

नवसाप्रमाणे सुभाना हातोडा घेऊन तळ्याकडे निघाला. येसूनं त्याला दारात अडवलं.

"त्यो ठिवून आलात, तर बाकीच्या बायांचं हात कोन बघंल?"

हातोडा घरीच राहिला म्हणे. पाणजाईला त्याच्याऐवजी येसूच्या मुठीची माती गेली, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक ओल्या मातीत हात दाबून माप देतं आणि कोयतीची मूठ हाताला बसली की आपला गोळा तिथं नेऊन ठेवतं.

आजही सावरघळचा लोहार कोयती मागायला आलेल्या माणसाला आधी पातं दाखवत नाही. भाता थांबवतो, समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतो आणि विचारतो, "कुठं दुखतंय?" काही बाया उत्तर द्यायच्या आधी नुसत्याच रडतात. लोहार तोवर हात धरून बसून राहतो.