तांबोळी सरांचा तांब्या

"पण सर, वर्ग बदलून मिळणारच नाही का?"

ऋजुताचा आवाज जरा चढलाच. शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बरं.

तांबोळी सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठला वर्ग?"

"नववी ब. उद्या माझा अंतिम पाठ आहे. विद्यापीठाचे परीक्षक येणार, आणि चिठ्ठीत मला नेमका हाच वर्ग आला!"

"का, वर्गात साप निघाला?"

"साप परवडला. मुलं बोलतच नाहीत सर. भिंती आहेत, भिंती."

"सकाळी एकजण बोलला की. चांगला खणखणीत बोलला."

सरांनी हसू मिशीत दाबलं. ऋजुताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सकाळची जखम ताजी होती.

ऋजुता खानविलकर बी.एड. करत होती. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. इंग्रजी असं बोलायची की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवून ऐकावं. सराव पाठांसाठी कॉलेजनं तिला आणि तिच्या काही मैत्रिणींना कृष्णाकाठच्या या हायस्कुलात पाठवलं होतं. तांबोळी सर तिथले इंग्रजीचे शिक्षक, निवृत्तीला आलेले, आणि या मुलींचे मार्गदर्शक.

सराव पाठात एक जुनी रीत चालते. ती कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. पाठाच्या आदल्या दिवशी पुढच्या बाकावरची चार हुशार पोरं गाठायची आणि कुठल्या प्रश्नाला कोणी काय उत्तर द्यायचं ते पढवून ठेवायचं. पोरं या प्रकाराला 'पेरणी' म्हणतात. दुसऱ्या दिवशी निरीक्षक मागच्या बाकावर येऊन बसले, की बाईंनी प्रश्न टाकायचा अवकाश, उत्तर उगवलंच.

ऋजुतानंही आजच्या नववी ब वरच्या पाठासाठी पेरणी केली होती.

धडा एका नावाड्याचा होता. नदीवर पूल होतो. नाव बंद पडते. तरी म्हातारा रोज सकाळी घाटावर जाऊन बसतो.

पाठ रंगला. रंगाच्या भरात ऋजुता एक प्रश्न गाळून पुढं गेली. नाव कशाची बनवली आहे, हे विचारायचं राहिलं आणि तिनं एकदम विचारलं, म्हातारा नावाडी उदास का आहे?

पुढच्या बाकावरचा हर्षवर्धन ठरल्याप्रमाणे ताडकन उभा राहिला.

"इट इज मेड ऑफ वुड!"

नावाडी लाकडाचा आहे, म्हणून उदास! वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. आणि हर्षवर्धन रडवेला होऊन, सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, माझा नंबर तिसराच होता की ओ!"

त्यानंतर तिनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. ती विचारायची, क्षणभर शांतता व्हायची, आणि घाईघाईनं तीच उत्तर देऊन टाकायची. तास संपेपर्यंत तीच विचारत होती आणि तीच सांगत होती.

"सर..." आता तिचा आवाज खाली आला होता. "प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प झाला ना, की माझ्या पोटात गोळा येतो. मागं बसलेल्याला वाटत असेल, हिला शिकवताच येत नाही. लहानपणापासून मला शिक्षिकाच व्हायचं होतं. दुसरं काही मनातच आलं नाही कधी. आज पहिल्यांदा वाटलं... हे काम माझं नाही. उद्याचा पाठ पडला, तर मी परत वर्गात उभी राहायची नाही."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"पाणी पिता?"

"नको सर."

"आत्ता नव्हे. वर्गात."

टेबलावर सरांचा तांब्याचा तांब्या होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. या तांब्याची शाळेत ख्याती होती. सरांचं आडनाव तांबोळी, पण पानाला कधी शिवले नाहीत. तांब्या मात्र सुटला नाही, असं पोरं म्हणायची. सर प्रत्येक तासाला तो घेऊन जायचे. प्रश्न विचारायचे, मग फुलपात्रात पाणी ओतून सावकाश प्यायचे.

पहिल्या आठवड्यात त्यांचे तास बघताना ऋजुता आणि मैत्रिणी मागच्या बाकावर खुसुखुसु हसल्या होत्या. सरांचे इंग्रजी उच्चार गावठी. त्यात दर प्रश्नाला पाणी. व्हरांड्यात येऊन ऋजुता म्हणाली होती, "सरांना साखर असणार गं. बिचारे. अर्धा तास पिण्यातच जातो."

"आणि हे बघा," सर उठत म्हणाले, "मला साखर नाही."

ऋजुताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सर, मी ते..."

"असू दे. मधल्या सुट्टीनंतर नववी ब वर माझा तास आहे. तो तुम्ही घ्यायचा. एकच प्रश्न विचारायचा. मग पाणी प्यायचं."

"आणि उत्तर आलं नाही तर?"

"पाणी प्यायचं."

"पाणी संपलं तर?"

"मागं विहीर आहे."

ती हसली नाही. सरही हसले नाहीत. दाराशी जाऊन थांबले.

"आणि ऋजुताबाई, प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाऊक नसलेला? मग मी शिकवणार काय?"

"घंटा झाली," सर म्हणाले. "चला."

*

वर्गात शिरताना तिच्या हातात टाचण नव्हतं. तांब्या होता. तो बघून पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. "मॅडमलाबी तहान लागली रं," कोणीतरी मागून म्हणालं.

तांबोळी सर शेवटच्या बाकावर, दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ऋजुता उभी राहिली. या धड्यातलं मला काय ठाऊक नाही?

शब्दार्थ ठाऊक होते. सारांश ठाऊक होता. म्हातारा रोज घाटावर का जातो, तेही गाईडात छापलेलं होतं. सवय म्हणून. तिनं ते पाठ केलं होतं, टाचणात 'अपेक्षित उत्तर' म्हणून उतरवलं होतं.

पण खरंच... का जातो तो? नाव नाही. माणसं नाहीत. मग?

तिला ठाऊक नव्हतं. इतके दिवस धडा हाताळून तिला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही आत्ताच कळत होतं.

तिनं विचारलं. साध्या इंग्रजीत, हळू. पूल झाला, नाव बंद पडली. मग म्हातारा अजून घाटावर का जातो?

हर्षवर्धननं तिच्या तोंडाकडं बघितलं. खूण नव्हती. त्यानं खाली बघितलं.

शांतता.

उत्तर जिभेवर येऊन बसलं. सवय म्हणून, सवय म्हणून... तिनं तांब्या उचलला. फुलपात्रात पाणी पडल्याचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला.

ती प्यायली. सावकाश.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून गेला. गाणं लांब गेलं, विरलं. पत्र्यावर कबुतरं चालत होती. शेजारच्या वर्गात कोणी तरी पुस्तक मोठ्यानं वाचत होतं.

अजून शांतता.

पण ही सकाळची शांतता नव्हती. सकाळी पोरं गप्प होती, ती तिनं कधी सांगून टाकावं याची वाट बघत. आता पोरं खिडकीतून बाहेर बघत होती, बाकावर नखानं रेघा ओढत होती. एकाचे ओठ हलत होते. कोणीच रिकामं नव्हतं. भिंतींच्या आत काहीतरी चाललं होतं आणि ते तिला दिसत होतं.

तिनं दुसरा घोट घेतला.

मुलींच्या रांगेत, अगदी मागं, हात वर आला. पुरता नाही, खांद्यापर्यंतच. उज्ज्वला सनदी. हजेरीला "यस मॅडम" म्हणण्यापलीकडं तिचा आवाज ऋजुतानं कधी ऐकला नव्हता.

"मॅडम... ब्रिज..."

थांबली. खाली बघितलं. कोणी हसलं नाही.

"ब्रिज नॉट आस्क. हाऊ इज युअर मदर. बोटमन आस्क."

पूल विचारत नाही, आई कशी आहे. नावाडी विचारतो.

ऋजुताच्या अंगावर काटा आला.

त्या वाक्यात चुका होत्या. त्या दुरुस्त करायला तिची जीभ सवयीनं पुढं झालीच होती. तिनं फुलपात्र ओठांना लावलं आणि दुरुस्ती पाण्याबरोबर गिळून टाकली.

आणि मग खिडकीजवळचा एक पोरगा, हात न करताच उठला.

"मॅडम, ही वॉन्ट टू आस्क. नोबडी कम. सो... सो ही आस्क रिव्हर."

त्याला विचारायचं असतं. येत कोणीच नाही. म्हणून तो नदीला विचारतो.

वर्ग जागचा हलला नाही. मग एकेक हात वर येऊ लागले. कोणी अर्धं वाक्य बोलायचं, शब्द अडायचा, दुसरा तो पुरवायचा, तिसरा पुढं न्यायचा. कोणी म्हणालं, त्याचे पायच जातात, तो जात नाही. कोणी म्हणालं, नाव घाटावर एकटी असेल म्हणून. ऋजुता नुसती उभी होती. नुकत्याच लावलेल्या समईसमोर माणूस उभा राहतो, तशी.

हर्षवर्धन उठला. घुटमळला.

"मॅडम, आता मला नंबर नाही... तरी बोलू?"

तिनं मान हलवली.

तो बोलला. अडखळत, चुकत, सकाळच्या खणखणीत आवाजाचा मागमूस नव्हता. पण वाक्य त्याचं होतं.

घंटा झाली. कोणी दप्तर उचललं नाही.

*

व्हरांड्यात ती सरांच्या मागं मागं चालत राहिली. तांब्या दोन्ही हातांनी धरला होता.

"सर, मी तर काहीच शिकवलं नाही."

सर चालत होते.

"नुसतं पाणी प्याले."

"हं."

"सर... हे सगळं त्यांच्यात रोज होतं? मी बोलत होते, तेव्हाही होतं?"

सर थांबले. व्हरांड्याच्या कडेला जास्वंदीचं झाड होतं, त्याच्याकडं बघत राहिले.

बराच वेळ गेला. तिनं ती शांतता मोडली नाही; पाण्याचा घोटही लागला नाही.

शेवटी तीच म्हणाली, "सर, उद्या वर्ग बदलून नको. नववी 'ब'च असू दे. फक्त... हा तांब्या मी नेऊ का? अंतिम पाठाला?"

"न्या की."

तिचा चेहरा उजळला. "मग मी सकाळी लवकर येऊन भरून ठेवते. अगदी काठोकाठ."

सरांनी तिच्या हातातून तांब्या घेतला. फुलपात्र काढलं. उरलेलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं, थेंब न् थेंब निथळू दिला. मग फुलपात्र पुन्हा पालथं घालून तांब्या तिच्या हातात दिला.

"रिकामाच न्या."