धर्मसभेचं मिटलेलं दार

पूर्वी कृतयुगात, माणसं थोडी आणि सत्यवचनी असतानाही, मेरूशिखरावरच्या धर्मराजाच्या सभेपुढे गाऱ्हाण्यांची रीघ लागलेली असे. माणूस कुठल्याही युगातला असो, कुरकुरणारच. म्हणून नियम होता. दारापुढच्या वेदीभोवती नऊ तपोधन ऋषी बसत; चौघांनी वेदीवर दर्भाची काडी ठेवली तर दार उघडे, नाहीतर आल्या वाटेने परत. कारण विचारायचं नाही.

एकदा सूर्य मावळतीला टेकला असताना सुवेणा नावाची कुंभारीण रक्ताळल्या पायांनी तिथे पोचली. दुष्काळात तिच्या नवऱ्याने, शंबलाने, राजसरोवरातलं पाणी तहानलेल्या गाईला पाजलं होतं. त्यासाठी राजा चंडधन्वा सूर्यास्ताला त्याला गळ्यात शिळा बांधून बुडवणार होता.

"माझा नवरा निर्दोष आहे हो!" ती आक्रोश करू लागली.

तीन काड्या पडल्या. मग कोणाचाच हात हलेना.

"महर्षे, सूर्य बुडतोय!"

"तो रोजच बुडतो," ज्वालेसारख्या जटांचे कठोरव्रत ऋषी गरजले. "बाई, निर्दोष तर इथे येणारा प्रत्येकजण असतो. दोन राजे एकाच कृत्याला दोन न्याय लावतील, तरच हे दार उघडतं."

"मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं?" सुवेणा कडाडली. "नदीपलीकडे सुमन्यू राजाने असंच पाणी पाजणाऱ्याला पुण्यवान म्हणून हार घातला! इकडे शिळा, तिकडे हार. आता बोला!"

कठोरव्रतांनी चौथी काडी ठेवली. दार उघडलं.

"ऐकून होईपर्यंत दंड थांबवा!" धर्मराजाने आज्ञा केली. वायू ती घेऊन सुटला, तोवर तिकडे शंबलाला पाण्यात लोटलंही होतं; पण आज्ञा पोचताच शिळा वाळक्या भोपळ्यासारखी तरंगली.

सुनावणी झाली. तहानलेल्याला पाणी पाजणं कुठल्याच राज्यात गुन्हा नाही, असा निर्णय झाला. प्रसन्न होऊन धर्मराज म्हणाला, "वर माग."

"सगळ्यांचं ऐका."

"ते जमणार नाही, मुली. तेवढे कान मलाही नाहीत."

"मग ज्याला परत पाठवाल, तो खोटा ठरला असं कोणी म्हणू नये."

"तथास्तु!"

तेव्हापासून वरच्या सभेने दार उघडलं नाही, म्हणून खालचा राजा खरा ठरत नाही. तो नुसता सुनावणीतून सुटतो.