काळी वडी

"पण बाई, जी वस्तू विजेला अडवते तीच थंड केल्यावर विजेला मोकळं रान देते. ते का?"

सुहृदने हे विचारलं तेव्हा त्याच्या संशोधनाच्या मार्गदर्शक हळबेबाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी चहा पीत होत्या. पोरगा विद्यापीठात पहिला आलेला, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"तीन वर्षं यात घातली मी. उत्तर असेल तर सांगा. नाहीतर सोमवारी बंगळूरच्या कंपनीत रुजू होतो."

"तुझी वडी आण."

वडी म्हणजे इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची भट्टीत भाजलेली चकती. बटणाएवढी, काळी, कौलाच्या तुकड्यासारखी. बाईंनी ती थर्माकोलच्या वाटीत ठेवली, तिला गारठवायला वर द्रवरूप नायट्रोजन ओतला. वीज बिनअडथळा वाहू लागली की अशी वडी चुंबकाला अंगाला लागू देत नाही. त्यांनी चिमट्याने छोटंसं चुंबक वरून सोडलं.

टक्कन आवाज झाला. चुंबक वडीवर पडून राहिलं.

"माझी पूड सगळ्यांत शुद्ध आहे," सुहृद घाईने म्हणाला. "शंभरदा तपासलीय."

"भट्टीतून कधी काढलीस?"

"भाजून झाल्या झाल्या. लाल होती अजून."

बाईंना हसू आलं. "अरे, निवताना ती ऑक्सिजन आत घेते. तेवढा वेळ कुठे दिलास तिला?"

वडी परत भट्टीत गेली. ऑक्सिजन सोडला, आणि रात्रभर तिला सावकाश निवू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच वाटी. बाईंनी चुंबक सोडलं.

ते वडीपर्यंत पोचलंच नाही. मध्येच, हवेत, थांबलं…

सुहृदने चिमट्याच्या टोकाने हलकेच ढकललं तसं ते जागच्या जागी गरगर फिरू लागलं. त्याने चुंबक आणि वडीच्या मधून कागद सरकवला. कागद आरपार गेला. एवढं वाचलेल्या माणसाने स्वतःच्या हातच्या वडीवर हे कधी पाहिलं नव्हतं.

"ऑक्सिजनने काय दिलं हिला?" तो हळूच म्हणाला.

"दिलं कुठे? काही इलेक्ट्रॉन काढून घेतले. आधी जो तो आपली जागा धरून बसला होता, कुणालाच हलता येईना. थोडी जागा झाली…"

"आणि?"

"आणि ते जोडीजोडीने चालायला लागले."

"जोड्या कोण लावतं?"

बाई वाटीवर वाकून चुंबकाकडे बघू लागल्या.

"बाई?"

"माहीत नाही."

"तुम्हालाही?"

"मतं पुष्कळ आहेत. भांडणंही. सगळ्यांना पटलेलं एकही नाही."

या उत्तराचा सुहृदला एरवी संताप आला असता. आज त्याला नुसतं भरून आलं. आपल्याला काय होतंय ते त्याला कळेना.

"मग सोमवारी मी जाऊ की राहू?"

वाटीतला नायट्रोजन उकळत होता, कमी होत होता. चुंबक अजून तरंगत होतं.

"नायट्रोजन संपत आलाय," बाई म्हणाल्या. "आधी बघून घे."