उमरवण्याची चौथी पायरी

उमरवण्याच्या खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, लागते तिथे जांभ्याच्या अकरा पायऱ्या आहेत. वरून मोजत उतरलं तर चौथी तेवढी काळ्या दगडाची, आणि मधोमध अशी झिजलेली की तिच्यात वाटीसारखं पाणी साठतं. तिच्यावर कुणी बसत नाही. शेळीसुद्धा बसत नाही, असं सांगतात. मी एकदा बसलेली पाहिली आहे, पण ती बाहेरगावची असेल. तिथून जाणारा प्रत्येक जण, टोपली घेतलेली बाई असो की तरीवाला, पाय ठेवताना हळूच "खैर" म्हणतो. नव्या माणसाला वाटतं, ही इथली सलाम घालायची रीत असावी. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं आणि चार महिने मी प्रत्येकाला उलट "खैर" म्हणत राहिले. कुणी हसलं नाही. त्याचं कारण मला पुढे कळलं.

पाहुण्यांना त्या पायरीची हकीकत राबियाफुफी सांगते. ती माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मला तिने ती सांगितली तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. त्या पहाटे मला मुलीबद्दल एक वाईट स्वप्न पडलं होतं. मी शिकलेली, स्वप्न म्हणजे दिवसभराच्या काळजीचा गाळ, असं दुसऱ्यांना समजावणारी. तरी मुलीला घेऊन पायऱ्या उतरताना तोंडातून निघालंच, "फुफी, आज मला सपान..."

"खैर," फुफी म्हणाली, म्हणजे भलंच असो. पुढचा शब्द तिने मला बोलू दिला नाही. खालच्या पायरीवर बसवलं आणि सांगू लागली.

गलबतं मलबारापर्यंत जात त्या काळी या मोहल्ल्यात जैतूनबी म्हणून एक बाई होती म्हणे. स्वप्नाचा अर्थ सांगणं, ज्याला आपल्यात ताबीर म्हणतात, ती विद्या तिला बापाकडून आलेली. बाप मशिदीत बांग द्यायचा. मरताना त्याने तिला बजावलं होतं की स्वप्न पाखराच्या पायाला बांधलेलं असतं. अर्थ सांगितला नाही तोवर पाखरू उडत राहतं, सांगितला की ते खाली उतरतं. म्हणून चांगला अर्थ दिसला तर बोल, नाहीतर गप्प बस. आणि वाईट स्वप्न ज्याचं त्याने कुणाला सांगूच नये. अल्लाची पनाह मागावी, डावीकडे तीनदा थुंकावं, कूस बदलावी.

जैतूनबीने हे वीस वर्षं पाळलं. सकाळी ती चौथ्या पायरीवर बसायची, पलीकडच्या विहिरीवर पाण्याला जाणाऱ्या बाया स्वप्नं सांगायच्या, ती चांगलं तेवढं बोलायची. फक्त एका बाईशी तिचं जमत नसे. शेजारची मरियम, जिभेने तिखट. एका लग्नात साऱ्या बायकांसमोर मरियम म्हणाली होती, "जैतूनबी, जगाचं ताबीर मागाहून सांगा, आधी तव्यावरची भाकरी बघा. करपतेय." भाकरी खरोखरच करपली होती. त्यामुळे ते जास्त लागलं.

जैतूनबीचा एकुलता मुलगा सुलेमान त्या साली गलबतावर गेलेला. घरात सून जुलेखा, सातवा महिना लागलेली. एका पहाटे जुलेखाला स्वप्न पडलं. अंगणातल्या दोरीवर नवऱ्याचा पांढरा सदरा वाळत आहे, वारा येतो, सदरा उडतो, खाडीवर जाऊन पाण्यावर पडतो आणि बुडत नाही, नुसता हलत राहतो.

ते चांगलं की वाईट, हे तिला कळेना. कळलं असतं तर ती गप्प राहिली असती. सासूला विचारावं तर नवऱ्याचं नाव काढायची लाज. मग तिने मरियमला गाठलं. मरियम तिखट असली तरी जुलेखावर तिचा जीव होता. ठरलं असं की मरियमने ते स्वप्न आपलं म्हणून सांगायचं, म्हणजे अर्थ कळेल आणि लाजही राहील. मरियमचा नवराही त्याच गलबतावर होता, तेव्हा संशय येण्याचं कारण नव्हतं.

मरियम पायरीवर आली आणि तिने सदऱ्याचं स्वप्न सांगितलं. असं म्हणतात की जैतूनबीच्या जिभेवर पहिल्यांदा चांगलाच अर्थ आला होता. सदरा बुडाला नाही, म्हणजे माणूस तरला. तो तिने गिळला. लग्नातली भाकरी आठवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हसून वाईट बोलली.

"सदऱ्यात माणूस दिसला का तुला? नाही ना? मग ज्याचा सदरा त्याच्या घरी सदराच येईल."

मरियमने खाली पाहिलं. तिथे आठव्या पायरीवर जुलेखा कळशी घेऊन उभी होती. कळशी हातातून सुटली आणि वाजत वाजत पाण्यात गेली.

"सपान कुणाचं?" जैतूनबीने विचारलं.

"माझं, अम्मा," जुलेखा म्हणाली.

जैतूनबीने तिथल्या तिथे चांगला अर्थ मोठ्याने तीनदा सांगितला म्हणे. पण पाखरू एकदाच उतरतं. ती मौलवीसाहेबांकडे गेली. त्यांनी सांगितलं की मरण-जगणं अल्लाच्या हाती, बाईच्या जिभेत एवढी ताकद नाही, मात्र जीभ वाईट वागली, तिची माफी माग. तिने माफी मागितली, रोजे धरले, आणि रोज पायरीवर बसून खाडीच्या तोंडाकडे बघत राहिली. जुलेखा रोज तिला तिथेच पेज आणून द्यायची. दोघी बोलत नसत.

वैशाख सरता सरता गलबतं परतली. सुलेमानचं गलबत शेवटचं. मरियमचा नवरा उतरला, इतर खलाशी उतरले, आणि सगळ्यांच्या मागून गलबत चालवणारा नाखवा आला. त्याच्या हातात घडी केलेला पांढरा सदरा होता. सदरा डोलकाठीला वाळत घालून सुलेमान दोर आवळायला गेला होता, लाटेने त्याला नेलं. नाखवा पुढे सांगू लागला, "कुठल्या चाँदाची कितवी तारीख तेही सांगतो, त्या सकाळी..."

जुलेखाने हात वर केला. "दिवस सांगू नका."

नाखवा थांबला. ती सकाळ पायरीवरच्या बोलण्याच्या आधीची की नंतरची, हे जैतूनबीला मरेपर्यंत कळलं नाही. सुनेने तिला तेवढं दिलं. ती माफी होती की शिक्षा, यावर फुफी काही बोलत नाही. मी विचारलं होतं.

त्यानंतर जैतूनबीने नेम धरला असं सांगतात. कुणीही स्वप्न घेऊन आलं की ऐकण्याआधीच "खैर" म्हणायचं, आणि ऐकल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. पुढची सत्तावीस वर्षं ती त्या दगडावर बसून तो एकच शब्द बोलली. दगड झिजला तो तिच्या बसण्याने. जुलेखाला मुलगा झाला. तो मोठा होऊन तरीवाला झाला, समुद्रावर कधी गेला नाही. आताचा तरीवाला त्याच घरातला, असं फुफी म्हणते.

मी तिला म्हटलं, दगड पायांनीही झिजत असेल, चौथीच कशी झिजली एवढंच बघायला हवं. फुफीने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मांडीवरच्या मुलीचं टोपडं नीट केलं. मग मी खाडीकडे तोंड फिरवून डावीकडे तीनदा थुंकले.

आजही उमरवण्यात कुणी कुणाच्या स्वप्नाचा अर्थ सांगत नाही. आजही चौथ्या पायरीवर पाय पडला की ओठ हलतात, कारण समोरून येणारा मनात काय घेऊन येतोय ते ठाऊक नसतं. त्या पहाटे मी काय पाहिलं ते मी फुफीला सांगितलं नाही, मुलीच्या बापालाही नाही, आणि इथेही लिहिणार नाही. मुलगी आता चालायला लागली आहे. पायऱ्या उतरायचा हट्ट करते. मी तिचं बोट घट्ट धरते, चौथीवर थांबते, आणि तिच्याआधी म्हणते.

खैर.