घोंगडीची कविता

माळावरच्या एका गावात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. म्हणून रविवारी सकाळी गावातली पाच-सहा मुलं टाकीच्या पायऱ्यांवर जमत आणि एकाच फोनभोवती डोक्याला डोकं लावून बसत. शहरातल्या वृंदाताई त्या फोनवरून त्यांना आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांना कविता लिहायला शिकवत. फोन दिगंबरच्या आईचा होता. तिची पिठाची गिरणी होती. पडद्यावर नाव मात्र दिगंबरचं दिसे.

दिगंबरला कवितेची भारी हौस. तो यमकाला यमक जुळवत जायचा. ताई म्हणायच्या, “छान. अजून बघ.” आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या. ताईंनी एकदा तरी आपल्यापाशी थांबावं, एवढंच त्याला वाटे.

एका रविवारी ताईंनी विषय दिला, घरातली जुनी वस्तू. त्या मुलांतल्या गिरजाचे वडील, तिचे आबा, धनगर होते. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते कोकणात उतरत. गिरजा हळूच चार ओळी बोलली. दिगंबरने त्या टाइप करून पाठवल्या.

आबांच्या जुन्या घोंगडीला मेंढरांचा वास येतो.
आई धुवायला काढते.
मी धुऊ देत नाही.
आबा येईपर्यंत वास राहू दे.

ताई वाचता वाचता थांबल्या. “दिगंबर, अरे, कसं सुचलं तुला हे? पुढच्या रविवारी सगळ्या शाळांसमोर तूच वाचायचं!”

दिगंबर ‘हो’ म्हणून गेला.

वर्ग संपल्यावर पायरीवरचा दुसरा मुलगा, सोपान, म्हणाला, “वा रे कवी! आता घोंगडी पांघरूनच ये.”

गिरजा मात्र म्हणाली, “असू दे. फोन तुमचा आहे. तू रुसलास तर मी कुठं शिकू?”

आठवडाभर आई गिरणीवर येईल त्याला सांगत होती, “माझा दिगू कविता वाचणार आहे.” दिगंबरला घास गोड लागेना.

रविवारी आईही टाकीवर आली. दिगंबरने कविता वाचली. सगळ्या शाळांच्या टाळ्या ऐकू आल्या. मग ताईंनी मायेने विचारलं, “आबा कधी येणार रे?”

त्याला काय ठाऊक? त्याचे वडील तर तिकडे गिरणीत दळण दळत होते. काहीही सांगून चाललं असतं. पण त्याने फोन गिरजाकडे फिरवला.

“ताई, ते हिला विचारा. कविता हिची आहे. मी फक्त पाठवली.”

गिरजा पुटपुटली, “मृग लागायच्या आत येतील.” मग धीर करून म्हणाली, “ताई, दिगूने फोन आणला नसता, तर ही कविता मला मेंढरांनाच ऐकवावी लागली असती.”

ताई हसल्या. दिगंबरने भीत भीत आईकडे पाहिलं. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि फोन स्वतःच्या हातात धरला. “उभी राहा गं पोरी. सगळ्यांना दिसू दे.”

गिरजाने वाचलं. वाचून झाल्यावर ताई म्हणाल्या, “दिगंबर, जरा थांब. आज मला तुझ्याशीही बोलायचंय. तुझे आभार मानायचेत.”

पुढच्या रविवारी पडद्यावर नवं नाव दिसलं, ‘टाकीवरची मुलं’.

तात्पर्य: ज्याच्यामुळे आपल्याला मान मिळाला, त्याचं नाव चारचौघांत घ्यावं, त्याने आपलं काही कमी होत नाही, आपल्या आनंदाला सोबत मिळते.