मुकिंदा, शर्ट बघ!

एका गावात एक भोळा पोरगा होता. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तिथले लोक भांडायला येतात. पोराचं नाव मात्र सांगतो, मुकिंदा. त्याची आई गावभर सांगायची, "माझा मुकिंदा सांगितल्याबाहेर नाही हो!" बाई खोटं बोलत नव्हती. तेच तर दुखणं होतं.

मुकिंदाचा हात मात्र देवानं दिलेला. केळीच्या बागेत उभं राहून दगड भिरकावला की पाटापलीकडचं माकड पळायचं. म्हणून शाळेच्या ढवळे सरांनी त्याला सॉफ्टबॉलच्या टीममध्ये घेतला. सॉफ्टबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊच. बॉल मारायचा, चार बेसना फेरी घालून परत यायचं, की एक रन. पळणाऱ्याला समोरच्यानं बॉल लावला की तो बाद. झालं, संपलं.

ढवळे सर त्या वर्षी रिटायर होणार होते. सारी नोकरी पोरांना पळवण्यात गेली, पण जिल्ह्याची ढाल काही शाळेत आली नाही. हेडमास्तरांच्या कपाटावर तिच्यासाठी जागा राखलेली होती. सर रोज सकाळी ती रिकामी जागा फडक्यानं पुसायचे. पोरं मागून हसायची. सरांना कळायचं, तरी पुसायचे.

आता गंमत अशी, की मुकिंदावर गावातल्या क्रीडा मंडळाचाही डोळा होता. मंडळाचे सुपडूअण्णा. त्यांचा केळी वाहायचा टेम्पो होता. सुटीच्या दिवशी केळी उतरवायची, खेळाडू भरायचे आणि गावोगावच्या स्पर्धांना जायचं. म्हणजे सकाळी शाळेचा सराव, पुढे मंडळाची मॅच. दोन गुरू आणि चेला एक. मग काय व्हायचं ते झालं.

पहिल्याच सरावाला सर म्हणाले, "शिट्टी वाजेपर्यंत पळायचं. मध्येच थांबलास तर मॅचला बाहेर बसवीन!"

मुकिंदानं मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

पुढच्या रविवारी मंडळाची मॅच. मुकिंदानं असा बॉल हाणला की तो थेट पिंपळावर. मुकिंदा पळाला. चारी बेस झाले, रन झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पंचाकडे शिट्टीच नव्हती. मुकिंदा पळतच राहिला. मैदान संपलं, देऊळ मागे पडलं, वीटभट्टी गेली. सुपडूअण्णा टेम्पो घेऊन मागे निघाले. इकडे एक गडी कमी पडला आणि मंडळ हरलं. मुकिंदा थांबला कुठे? शेजारच्या गावात. एका घरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा.

"अरे येड्या," अण्णांनी कपाळावर हात मारला, "शिट्टी-बिट्टी सोड! खेळताना डोळे गुरूवर ठेवायचे. गुरू करतो तसं करायचं!"

मुकिंदानं मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा सराव. सरांनी बॅट उचलली, मुकिंदानं उचलली. सरांनी पाठ खाजवली, मुकिंदानं खाजवली. सरांनी चष्मा काढून पुसला. मुकिंदाला चष्मा नव्हता. त्यानं शेजारच्या पोराचा काढला, पुसला आणि स्वतःच्या नाकावर ठेवला.

"गाढवा, काय चाललंय?" सर ओरडले.

"गाढवा, काय चाललंय?" मुकिंदा ओरडला.

सरांनी त्याचा कान धरला. त्यानं सरांचा धरला. सरांनी पिळला. त्यानंही पिळला, पण बेतानं, कारण गुरूच होते शेवटी. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. दोघंही एकमेकांचा कान सोडेनात.

अखेर सरांनी सोडला, तेव्हा मुकिंदानं सोडला. सर लालेलाल. "मोठ्या माणसाचा मान ठेवायला शीक! मोठं माणूस समोर आलं की हातातलं खाली ठेवायचं आणि वाकून पाया पडायचं. समजलं?"

मुकिंदानं मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

मग आली मंडळाची पुढची मॅच. मंडळाच्या मॅचला वयाचं बंधन नाही, लेकुरवाळे बाप्येसुद्धा खेळतात. समोरच्या टीममध्ये एक लोहार होता, मिशा ह्या एवढ्या. तो धापा टाकत बेसकडे आला. बेसवर मुकिंदा, हातात बॉल. नुसता लावायचा, की लोहार बाद!

मुकिंदानं बॉल खाली ठेवला. लोहाराच्या पाया पडला.

लोहार सवयीनं थांबला. "सुखी रहा रे बाळा," म्हणाला, डोक्यावर हात ठेवला, आणि मग आठवण झाली तसा पळाला. त्याच्यामागून त्याचा भाऊ आला. त्याच्याही पाया पडला. भावामागून त्यांचे मामा आले. मामांनी तर त्याला द्यायला आपल्या खिशात चॉकलेट आहे का तेही चाचपून बघितलं. तीन आशीर्वाद मिळाले, तीन रन गेले.

सुपडूअण्णांनी टोपी जमिनीवर आपटली. "मैदानात कोण काका अन् कोण मामा! हातात बॉल आहे आणि समोरचा आपल्या टीमचा नाही, एवढंच बघायचं. बॉल लावायचा, बाद म्हणायचं, बाहेर काढायचा. मग तो कुणी का असेना!"

मुकिंदानं मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

आठवड्यानं शाळेच्या सरावाला संस्थेचे अध्यक्ष आले. पांढरेशुभ्र कपडे, कडक इस्त्री, पोटही चांगलं पुढे आलेलं. ते मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले. मुकिंदाच्या हातात चिखलानं माखलेला बॉल होता. पण पोरगं भोळं असलं तरी घाईचं नव्हतं. त्यानं आधी विचारून घेतलं.

"सर, हे आपल्या टीममध्ये आहेत?"

"नाही रे, हे अध्यक्षसाहेब!"

बस्स. मुकिंदा गेला आणि बॉल त्या पोटावर दाबला. "बाद! चला बाहेर!" दंडाला धरून साहेबांना फाटकापर्यंत नेलं, बाहेर काढलं आणि कडी लावून घेतली.

अध्यक्ष फाटकापलीकडून म्हणाले, "ढवळे, जिल्ह्याची ढाल आणा. आणलीत तर हे विसरेन. नाही आणलीत तर निरोपसमारंभाला मी नाही."

सर तडक सुपडूअण्णांच्या घरी गेले. मुकिंदाचं मनगट हातात होतंच. "माझं पोरगं बिघडवलंत तुम्ही!" सर म्हणाले.

"मी? तुम्हीच त्याला पाया पडायला शिकवलंत! माझी मॅच गेली!"

"आधी शाळा, मग मंडळ!"

"शाळा टेम्पो देते का हो फिरायला?"

असं बराच वेळ चाललं. मुकिंदा मधे उभा. कधी इकडे मान डोलवायचा, कधी तिकडे. शेवटी त्याला रडूच फुटलं. "सकाळी तुम्ही एक सांगता, संध्याकाळी हे दुसरं सांगतात. मी दोन्ही ऐकतो आणि दोन्हीकडे मार खातो. मी करू तरी काय?"

दोघं लाजले जरा. अण्णांनी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. मग दोघांनी डोकं लावून एकच नियम काढला.

"हे बघ मुकिंदा," सर म्हणाले, "सगळं विसर. शर्ट बघायचा. अंगात ज्याचा शर्ट, त्याच्यासाठी जीव तोडून खेळायचं."

"आणि एकाच दिवशी दोघांची मॅच आली तर?"

"शर्ट बघ!"

"आणि शर्ट धुवायला टाकला असेल तर?"

"तर घरी बस!" दोघंही एकदम ओरडले.

मुकिंदानं डोळे पुसले. मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

आणि काय सांगू, गाडी रुळावर आली हो! निळा शर्ट अंगात असला की मुकिंदा शाळेचा वाघ. एकेक शाळा हरवत आमचं पोरगं जिल्ह्याच्या फायनलला पोचलं. सुपडूअण्णांनी स्वतःच्या टेम्पोतून पोरं नेली, तेही फुकट. अध्यक्ष खुर्चीत बसले, मैदानापासून चांगले लांब. समोर पलीकडच्या तालुक्याची शाळा, पिवळे शर्ट. ढाल टेबलावर. सरांचं लक्ष खेळावर कमी, ढालीवर जास्त.

शेवटपर्यंत चुरस. मुकिंदानं जमिनीवर लोळण घेत बेस गाठला आणि आमचा एक रन जास्त झाला. पण त्या लोळणीत शर्ट गळ्यापासून खालपर्यंत टरकला.

पंच म्हणाले, "उघड्या अंगानं खेळता येणार नाही."

सरांची धावपळ उडाली. राखीव पोरं दोन. एक गोवर येऊन घरी पडलेला. दुसरा इतका बारका, की त्याचा शर्ट मुकिंदाच्या डोक्यातूनच उतरेना. तेवढ्यात समोरच्या शाळेचे सर पुढे आले. भला माणूस. म्हणाले, "आमच्याकडे जास्तीचा आहे, घ्या." पंचही कंटाळले होते. म्हणाले, "चालेल, घाला लवकर."

ढवळे सरांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या हातानं तो पिवळा शर्ट मुकिंदाला घातला, बटणं लावली आणि पाठीवर थाप मारली. "जा बाळा. आता जीव तोडून खेळ!"

मुकिंदानं खाली वाकून शर्ट बघितला. मान डोलावली.

पिवळ्यांचा शेवटचा गडी खेळायला आला. त्यांची दोन पोरं बेसवर तयार. आम्हाला एकच बाद हवा होता. त्यानं बॉल मारला. उंच गेला आणि सरळ मुकिंदाच्या हातात येऊ लागला. शेंबडं पोरही झेलेल असा. सर टाळ्या वाजवायला लागलेसुद्धा.

मुकिंदानं बॉल खाली पडू दिला. मग उचलला. दोन पावलं मागे गेला आणि देवानं दिलेल्या त्या हातानं असा भिरकावला, की बॉल कुंपण ओलांडून, रस्ता ओलांडून केळीच्या बागेत गडप झाला. पिवळ्यांची दोन्ही पोरं आरामात पळत आली. ढाल पिवळ्यांची झाली. पिवळ्यांनी मुकिंदाला खांद्यावर घेतलं, नाचवलं, ढालीसकट फोटो काढला. मुकिंदा इतका खूश त्यापूर्वी कुणी बघितला नव्हता.

ढवळे सर मट्कन खाली बसले. अण्णांनी त्यांना पाणी पाजलं.

थोड्या वेळानं मुकिंदानं पिवळा शर्ट काढला. नीट घडी करून त्याच्या मालकांना परत दिला. आपला फाटका निळा शर्ट अंगात चढवला. खाली वाकून बघितला. आणि एकदम भोकाड पसरून सरांच्या गळ्यात पडला.

"हरलो हो सर, हरलो! कपाटावरची जागा रिकामीच राहिली! त्यांचा तो शेवटचा पोरगा होता ना, बॉल फेकणारा, त्यानं घात केला बघा आपला!"