कुलपात मोडलेली किल्ली आणि अडलेली चिमा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. नाही जमायचं. शहाण्यासुरत्यांना जमलं नाही, तुझी काय कथा?

एका राज्यात सगळ्या प्रजेचा विसावा एका पितळी पेटीत कोंडलेला होता. एका चेटकिणीनं तो कोंडला, पेटीला कुलूप घातलं, किल्ली राजाच्या हातात दिली नि सांगितलं, "दर अमावास्येला पेटी उघडायची, महिन्यापुरता विसावा घ्यायचा, परत मिटायची. एक अमावास्या चुकली की कुणाचं बूड टेकायचं नाही." एवढं बोलून ती हिरवा धूर झाली नि गेली.

किल्ली सांभाळायला दुर्पा नावाची बाई होती. सवाष्ण, हाताला स्वच्छ, जिभेला तिखट. आता कुलपाची पूजा करा असं चेटकीण बोलली नव्हती. ती रीत राज्यानं आपली आपणच पाडली. आधी हळद, मग कुंकू, वर चमचाभर तूप, नि सगळं थेट किल्लीच्या भोकात. तीस वर्षं कुलपानं मुकाट्यानं खाल्लं. या अमावास्येला किल्ली अर्धी फिरली नि अडली. दुर्पानं पदर खोचला, जोर लावला, नि कट्. मूठ हातात, दाते आत.

झालं. राजा सिंहासनावरून उठला तो चालतच सुटला. न्हावी चालत दाढी करी, गिऱ्हाइकाचे गाल सोलून निघत. म्हशी चालता चालता दूध देत, गवळण चरवी घेऊन मागं धावे. हसतोय कोण ते? दुर्पाला हसू येत नव्हतं. तिची लेक चिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले, नि तीही अंगणात फेऱ्या घाली.

"आई, मला टेकू दे गं," ती म्हणे. टेकायला गेली की पाय तिला उचलून नेत.

सोनार आला. त्यानं कुलपात वाटीभर तेल ओतलं, आत चिखल झाला. पैलवान आला. त्यानं खिळा ठोकला, तुकडा बोटभर आणखी आत गेला. मांत्रिक आला. त्यानं मंत्र फुंकला, कुलपाला शिंक आली नि त्याची दाढी तांबडी झाली. तिघंही चालत आले, चालत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमाला कळा सुरू झाल्या. दुर्पा तिच्या मागं चालत होती, तर दारातल्या फणसाच्या खोडावर एक सुतारपक्षी वरखाली धावताना दिसला.

"काय दुर्पे, जेवलं का कुलूप पोटभर?" पक्षी म्हणाला.

"पाखरा, लेक अडलीय माझी. थट्टा मागनं कर."

"मग ऐक. माझी जीभ वीतभर लांब, टोकाला काटे. लाकडातली अळी ओढते, तुझा तुकडाही ओढील. पण तीन कामं कर. आता आत काही घालू देऊ नको. आधी घातलंस ते धुऊन काढ. नि माझी जीभ आत असेल तोवर पेटी हलता कामा नये. जीभ तुटली तर उपाशी मरेन."

पहिलं काम झालं. मांत्रिक चिमूटभर अंगारा घेऊन आलाच होता, दुर्पानं त्याच्या हातावर चापट मारली.

दुसऱ्या कामाला राजाचं तोंड उतरलं. "दुर्पाबाई, कुलपाचं कुंकू पुसायचं? पुसणारीचं कुंकू जातं म्हणतात. तुमचे यजमान..."

यजमान म्हादबा तिथूनच चालले होते. "पूस गं," ते म्हणाले. "तीन दिवस उभा आहे. मेलो तर आडवा तरी पडेन."

चिमा पुन्हा कण्हली. दुर्पानं राखेचं कढत पाणी भोकात ओतलं. तांबडा राडा भळाभळा बाहेर आला. म्हादबा नाकाखाली बोट धरून श्वास बघत चालले. श्वास होता.

तिसरं काम. पेटी खाली ठेवावी तर तिच्यापाशी थांबणार कोण? म्हणून ती दांडीला बांधली, पुढं राजा, मागं म्हादबा. राजाची टांग लांब, म्हादबांचा गुडघा दुखरा. पेटी पाळण्यासारखी झुलायला लागली.

"मी नाही जीभ घालत," पक्षी म्हणाला.

"महाराज," दुर्पा म्हणाली, "चिमाच्या पावलानं चाला."

"राजानं कुणाच्या मागं चालायचं?"

"अडलेल्या बाईच्या. दोन पावलं मागं."

राजा चालला. चिमा एक पाऊल टाकी, कळ येई, पुढचं पाऊल तिळाएवढं पडे. राजाचंही तेवढंच, म्हादबांचंही तेवढंच. मागून न्हावी, पैलवान, म्हशी, सगळ्यांचे पाय त्याच चालीत आले. दुर्पा पेटीकडं तोंड करून उलटी चालत होती, मनगटावर पक्षी. वर वाटीभर पाणी ठेवलं तरी सांडू नये अशी पेटी थिरावली. पक्ष्यानं जीभ घातली, चाचपली, ओढली. तुकडा दुर्पाच्या तळहातावर पडला.

कुलपानं ढेकर दिला नि आपणच उघडलं.

विसावा बाहेर आला. त्याला उन्हात टाकलेल्या घोंगडीचा वास होता. जो जिथं होता तो तिथं बसला, राजा चिखलात, पैलवान म्हशीवर. चिमा आईच्या मांडीवर टेकली आणि ऊन पायरीवर चढायच्या आत तिला मुलगी झाली. म्हादबा आडवे झाले ते हलेचनात. दुर्पानं बसल्या जागेवरून दोन हाका मारल्या. मग ते घोरायला लागले.

"दुर्पाबाई," राजा चिखलातून म्हणाला, "पेटी मिटायची ना?"

"मांडीवर नात आहे, महाराज. तुम्ही उठा नि मिटा."

राजा काही उठला नाही. दुसरंही कुणी उठलं नाही. पेटी उघडीच राहिली, सगळा विसावा राज्यभर पसरला, नि चेटकिणीचा शाप तिथंच संपला.

ते बसले ते बसले. तू कशाला बसलास? ऊठ, जा आता.